गेमचं यंत्र घरात आणण्याआधी

घरात व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायचा विषय निघाला असेल, तर पैसे काढण्याआधी जरा थांबा आणि हे वाचून घ्या.

साताऱ्यात, कराडात, वाई-फलटणला, इकडे सांगली-मिरजेत, विट्यात, तासगावात पोरांच्या तोंडी आता तीच नावं आहेत. प्लेस्टेशन, नाहीतर एक्सबॉक्स. ऊसबिल जमा झालं, द्राक्षाचे पैसे आले, बोनस मिळाला, दिवाळी तोंडावर आली, की मागणी जोर धरते. मागणीत गैर काही नाही. खेळणं हा पोरांचा हक्कच आहे. पण ही पन्नास-पंचावन्न हजारांची वस्तू आहे, आणि हा धंदा सध्या कूस बदलतो आहे. आज तुम्ही जे घ्याल, त्यावर पुढची पाच-सात वर्षं खर्च होणार आहे. म्हणून आधी समजून घ्या.

अशी यंत्रं करणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन आहेत. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो. साधारण सहा-सात वर्षांनी त्या नवं यंत्र काढतात. प्लेस्टेशन ४ आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये आलं. प्लेस्टेशन ५ आलं २ फेब्रुवारी २०२१ ला. एक्सबॉक्सची चालू जोडी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. म्हणजे पुढच्या पिढीची वेळ जवळ येते आहे. तयारीही सुरू आहे. एएमडी या अमेरिकी चिप कंपनीबरोबर पुढच्या यंत्रावर काम चालू असल्याचं मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये सांगितलं. सोनीचंही काम त्याच कंपनीबरोबर चाललं आहे. सोनीची यंत्रं ज्यांच्या हातून घडतात ते मार्क सर्नी ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हणाले, की नवं यंत्र यायला अजून काही वर्षं आहेत.

आता यातली गोम बघा. दोघांच्या यंत्रातली चिप एकाच कंपनीची. गेल्या दोन पिढ्यांतही असंच होतं. मग चित्र कोणाचं जास्त सुंदर, यात फरक पडून पडून किती पडणार? तुमच्या हॉलमधल्या टीव्हीवर तो दिसणारही नाही.

खरी चढाओढ वेगळ्याच गोष्टीची आहे. गिऱ्हाईक कोणाच्या दुकानाला कायमचं बांधलं जातं, याची. कोणी तुम्हाला बैलजोडी स्वस्तात दिली आणि अट घातली, की वैरण जन्मभर माझ्याच दुकानातून घ्यायची, तर तुम्ही बैलाचे दात बघाल तसा वैरणीचा भावही विचाराल. इथेही तेच करायचं आहे. यंत्रावर कंपनीला फारसं सुटत नाही, कधी तोटाही होतो. पण तिच्या ऑनलाइन दुकानातून जो गेम विकला जातो, त्याच्या किमतीतला साधारण तीस टक्के वाटा तिचा असतो. वर महिन्याची फी. कमाई तिथे आहे. म्हणून यंत्राची किंमत विचारून थांबू नका. वैरणीचा भाव विचारा.

एक कागद घ्या आणि हिशेब मांडा.

प्लेस्टेशन ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती. ते ५५ हजार धरा. दोन भावंडं असली की दुसरा कंट्रोलर लागतोच. पोरं त्याला रिमोट म्हणतात. त्याचे सहा हजार. मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास. वर्षाला दोनच घेतले तरी दहा हजार, पाच वर्षांत पन्नास. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. २०२२ मध्ये तिचा सगळ्यात खालचा दर महिन्याला ४९९ रुपये होता. तो महिन्याच्या महिन्याला भरला तर वर्षाला सहा हजार, पाच वर्षांत तीस.

बेरीज करा. १ लाख ४१ हजार.

पोरगं ५५ हजार मागतंय असं तुम्हाला वाटतं. ते खोटं बोलत नाही, त्यालाही बाकीचं माहीत नसतं. हा कागद त्याच्यासमोर बसूनच करा. आठवी-नववीच्या मुलाला हिशेब चांगला कळतो. वर्षाला दोनऐवजी एक गेम, वर्गणी फक्त मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, असं काही त्याच्याच तोंडून येऊ द्या.

"थांबू या की, दोन वर्षांनी स्वस्त होईल," असं घरातलं मोठं माणूस म्हणेल. पूर्वी ते खरं होतं. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला निघालं आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागलं. प्लेस्टेशन ३ चं मोठं मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरचं होतं. तीन वर्षांत त्याचं बारीक मॉडेल २९९ ला आलं. जो थांबला तो शहाणा, असा तो काळ होता.

आता उलटं झालं आहे. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे ४९,९९० ला आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच हजारांनी वाढलं. अमेरिकेतही ते ऑगस्ट २०२५ मध्ये महाग झालं. एक्सबॉक्सच्या किमती त्याच वर्षी दोनदा वाढल्या. पाच वर्षं जुनी वस्तू, आणि किंमत वर चाललेली. पूर्वी दर काही वर्षांनी चिप लहान आणि स्वस्त होत जायची. तो वेग मंदावला. त्यात २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव भडकले, कारण एआयसाठी उभी राहणारी मोठमोठी संगणक केंद्रं त्या चिप उचलू लागली. मोबाइल, लॅपटॉप, गेमचं यंत्र, सगळ्यात हीच मेमरी लागते. पुढचं यंत्र स्वस्त येईल या भरवशावर राहू नका.

म्हणून काय करायचं? ज्याला खरंच घ्यायचं आहे आणि ज्याच्या गाठीला पैसे आहेत, त्याने सणासुदीची सूट बघून घ्यावं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात पाच हजारांपर्यंत, कधी त्याहून जास्त सूट निघाली आहे. ज्याच्या गाठीला पैसे नाहीत, त्याने हप्त्यावर घेऊ नये. दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी उधार काढणं मी समजू शकतो. खेळासाठी नको.

आता डिस्कचं बोलू. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

प्लेस्टेशन ५ दोन प्रकारात मिळतं. एकात डिस्क घालायची खाच असते, दुसऱ्यात नसते. २०२४ मध्ये बिनडिस्कचं दहा हजारांनी स्वस्त होतं. एक्सबॉक्स सिरीज एस या लहान यंत्रालाही खाच नाही. २०२४ मध्ये सोनीने काढलेल्या महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर खाच दिलीच नाही, ती वेगळी विकत घ्यायची. वारं कुठे वाहतंय ते यावरून ओळखा. पुढच्या पिढीत डिस्क मागे पडत जाणार. डिस्क नसली की तुम्ही फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घेऊ शकता, आणि तिथला भाव कंपनी ठरवते.

दहा हजार वाचत असले तरी बिनडिस्कचं घेऊ नका. डिस्क ही वस्तू आहे. ती विकता येते, बदलून घेता येते, मामाच्या घरी नेता येते. समजा पाच हजारांची डिस्क खेळून झाल्यावर अडीच हजारांना गेली. अशा चार डिस्क झाल्या की ते दहा हजार परत आले. कॉलनीत चार घरी सारखंच यंत्र असेल, तर प्रत्येकाने वर्षाला एक डिस्क घ्यावी आणि चौघांनी फिरवावी. गावात पूर्वी मासिकं अशीच फिरायची.

ऑनलाइन घेतलेला गेम फिरवता येत नाही, विकता येत नाही. तो तुमच्या खात्याला चिकटलेला असतो. आणि दुकानं बंदही होतात. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद केलं. आधी घेतलेलं परत उतरवता येतं, पण नवं काही घेता येत नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तर २०१४ पासून विकला गेला आणि ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हरच थांबवले. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही खेळ संपला. म्हणून गेम घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "हा इंटरनेटशिवाय चालतो का?" चालत असेल तर तो खऱ्या अर्थाने तुमच्या घरचा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम यायचा, तो कितीकांना आठवत असेल. कॅसेट खोचली, की सुरू. खातं नाही, पासवर्ड नाही, वर्गणी नाही. तो काळ परत येणार नाही, पण त्यातली एक गोष्ट जपता येते. विकत घेतलेली वस्तू शक्यतो हातात धरता येईल अशी घ्या.

महिन्याच्या वर्गणीकडेही नीट लक्ष द्या. पुढची लढाई मुख्यतः इथे होणार आहे. "थोडे पैसे भरा, शेकडो गेम खेळा," असं आमिष असतं. सुरुवातीला ते खरंच स्वस्त वाटतं. एक्सबॉक्सचा गेम पास अल्टिमेट अमेरिकेत २०१९ मध्ये महिन्याला १५ डॉलर होता. मग १७ झाला, मग २०. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३०. सहा वर्षांत दुप्पट. आणि वर्गणी थांबली, की त्यातले गेमही थांबले. सवय पोराला लागलेली असते, पैसे तुमच्या खात्यातून जात असतात.

वर्गणी घ्यायचीच तर एका महिन्याची घ्या, आणि घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. अशा वर्गणीचे पैसे खात्यातून वळते होण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

"कोणतं घेऊ, सोनी की मायक्रोसॉफ्ट?" हा प्रश्न पोरांना फार मोठा वाटतो. खरं तर तो दिवसेंदिवस लहान होतो आहे. पूर्वी एकाचे स्वतःचे गेम दुसऱ्यावर मिळायचे नाहीत. आता मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम प्लेस्टेशनवर येतात. 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये आला. 'गिअर्स ऑफ वॉर' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. सोनीचे 'गॉड ऑफ वॉर'सारखे गेम काही वर्षांनी का होईना, संगणकावर मिळतात. आपलं आपल्यापाशीच ठेवण्यावर ठाम आहे ती निन्टेन्डो. तेव्हा नावावरून भांडू नका. तुमच्या गल्लीत, पाहुण्यांत कोणाकडे काय आहे ते बघा आणि तेच घ्या. डिस्क फिरवता येतील, अडलं तर विचारायला माणूस असेल.

निन्टेन्डोबद्दल मात्र सावध करतो. तिची यंत्रं लहान पोरांसाठी फार गुणी आहेत. स्विच २ जून २०२५ मध्ये बाहेर आलं. पण कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. जे मिळतं ते दुबईहून, सिंगापूरहून कोणीतरी आणलेलं असतं. बिघडलं तर इथे कंपनीची वॉरंटी नाही. शिवाय स्विच २ चे काही गेम असे येतात, की हातात येते ती नुसती किल्ली. गेम आत नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. परदेशी असलेला भाऊ किंवा जावई आणतो म्हणाला, तर जोखीम माहीत असूनच हो म्हणा.

आता आपल्या भागाचं बोलू.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातली वाडी असो, की जत-आटपाडीकडचं गाव, फायबर इंटरनेट सगळीकडे पोचलेलं नाही. मोठा गेम १०० जीबीचा असतो. मोबाइलचा पॅक दिवसाला २ जीबीचा. म्हणजे दुसरं काहीही न करता एक गेम उतरवायला ५० दिवस. घरात फायबर नसेल तर बिनडिस्कच्या यंत्राचा विचारसुद्धा करू नका. डिस्क असली तरी गेमचे अपडेट इंटरनेटवरूनच येतात, हे ध्यानात ठेवा. तेवढ्यापुरतं यंत्र साताऱ्याला आत्याकडे नेऊन अपडेट करून आणलं तरी चालतं.

पुढच्या काळात तुम्हाला सांगतील, की यंत्रच नको, इंटरनेटवरूनच खेळा. एक्सबॉक्सची तशी सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. कल्पना चांगली आहे, पण तिला सतत वेगवान आणि न अडखळणारं इंटरनेट लागतं. पावसात तुमची लाइन दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हीच जाणता. आधी घरातल्या टीव्हीवर एका महिन्याची वर्गणी घालून बघा, मग ठरवा.

वीज. खेळताना यंत्र साधारण २०० वॅट ओढतं. रोज दोन तास म्हणजे महिन्याला बारा युनिट, टीव्हीचे वेगळे. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या वर गेलं की दर चढतो. तुम्ही त्या रेषेवर असाल तर बिलात फरक दिसेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गेम साठवला जात असताना किंवा अपडेट चालू असताना वीज गेली तर आतली माहिती बिघडू शकते. विजेचा लपंडाव असलेल्या गावात यंत्र लहान यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडा. टीव्हीच्या पिनेलाच तीन गोष्टी लटकवू नका.

यंत्र शोकेसच्या काचेआड ठेवू नका. त्याला श्वास घ्यायला जागा लागते. मागे आणि बाजूला हात जाईल एवढी मोकळीक ठेवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत बंद खोलीत तासन्‌तास खेळलं, की पंखा घरघरू लागतो. कारखान्यांचा हंगाम सुरू असला की धुराड्यातून उडालेली काजळी घरात येते, ती यंत्रातही जाते. प्लेस्टेशन ५ च्या जुन्या, जाड मॉडेलचं पांढरं झाकण सरकवून काढता येतं. आत कडेला दोन बारीक भोकं दिसतात, धूळ तिथे जमावी म्हणूनच ती केलेली आहेत. वायर काढून, यंत्र थंड झाल्यावर, व्हॅक्यूमची नळी हलक्या हाताने तिथे धरा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी आत जाते. स्क्रू उघडू नका, वॉरंटी अडचणीत येईल.

जुनं यंत्र घ्यायला माझी ना नाही. प्लेस्टेशन ४ वर चांगल्या गेमचा एवढा साठा आहे, की लहान मुलाला काही वर्षं पुरेल. फक्त चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अर्धा तास खेळू द्या आणि पंख्याचा आवाज ऐका. डिस्क घाला, बाहेर काढा, परत घाला. टीव्हीची वायर जिथे बसते ते भोक सैल झालं आहे का, ते वायर हलकेच हलवून बघा. कंट्रोलरच्या दांडीला हात न लावता पडद्यावरचं पात्र आपोआप सरकत असेल, तर दांडी झिजली आहे. तो खर्च भावातून वजा करा. शेवटचं आणि मोठं काम म्हणजे, आधीच्या मालकाचं खातं काढून टाकायला लावा आणि तुमच्यासमोर तुमचं खातं उघडून इंटरनेटला जोडून बघा. कंपनीने बंदी घातलेलं यंत्र असेल तर तिथेच कळेल.

नवं घेताना पक्कं बिल घ्या. बिलावर यंत्राचा नंबर आहे का बघा, आणि तो डब्यावरच्या नंबराशी जुळवा. दुरुस्तीला कुठे पाठवणार, पुण्याला की कोल्हापूरला, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती घरांचे कागद पाण्यात गेले ते आपण पाहिलं आहे.

यंत्र घरी आलं, की पहिल्या संध्याकाळी पोराच्या हातात देऊ नका. आधी तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर खातं उघडा. पासवर्ड घरच्या वहीत लिहा. मग त्या खात्याखाली मुलाचं खातं, खऱ्या जन्मसालासह. वय वाढवून सांगितलं की सगळे पहारे उठतात. मुलाच्या खात्याला रोज किती वेळ खेळायचं आणि महिन्याला किती खर्च करायचा, हे तुम्ही ठरवू शकता. खर्चाच्या जागी शून्य ठेवा. बँकेचं कार्ड यंत्रात साठवू नका. पुष्कळ गेमच्या आत पोशाख, खेळाडू, नशिबाच्या पेट्या विकायला असतात. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. विकत घेऊन खेळायचे गेम त्या बंदीत येत नाहीत. पण या पेट्यांची चटक मुलाला लागू शकते. तिथे पहारा तुम्हालाच द्यावा लागेल.

डब्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो. तो वयाचा आहे. जीटीए या मालिकेचा नवा भाग १९ नोव्हेंबर २०२६ ला येईल असं जाहीर झालं होतं, आणि त्याच्यासाठी पुष्कळ घरांत यंत्राचा हट्ट होईल. या मालिकेचा आधीचा भाग १८ वर्षांवरच्यांसाठी होता. सातवीतल्या मुलासाठी तो नाही, मग वर्गातल्या कोणाकडेही असू दे. असा हट्ट मोडायचा असेल तर नुसतं नाही म्हणू नका. त्याच्या वयाचा क्रिकेटचा, फुटबॉलचा, गाड्यांचा गेम शोधून द्या आणि एखाद्या रविवारी त्याच्याशेजारी बसून हरा.

वेळेचं काय करायचं, ते सांगली जिल्ह्यातल्याच एका गावाने दाखवून दिलं आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, आणि घराघरांत टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो, तोवर पोरं अभ्यासाला बसतात. सुरुवातीला लोकांना हे जमेल असं वाटलं नव्हतं. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, समजावत राहिले, आणि जमलं. यातली मला पटलेली गोष्ट ही, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. आई मालिका बघते, बाप मोबाइल चाळतो आणि पोराने मात्र गेम बंद करायचा, असं तिथे नाही. तुमच्या गावात भोंगा नसेल तर घड्याळ आहे. वेळ घरच्या सगळ्यांना एकच लावा.

एखादं मूल वेगळंच म्हणेल. "मला गेम खेळायचा नाही, करायचा आहे." त्याचं ऐका. गेमचं यंत्र त्याच्या कामाचं नाही, त्याला संगणक हवा. साधा, जुना असला तरी सुरुवातीला चालतो. गोडो आणि ब्लेंडर ही गेम आणि चित्रं करायची साधनं फुकट मिळतात. हे स्वप्न लांबचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम केला, आणि तो ऑगस्ट २०२० मध्ये जगभर निन्टेन्डो स्विचवर सगळ्यात आधी आला. जे यंत्र कंपनी आपल्या देशात विकत नाही, त्या यंत्रावर आपल्या पोरांनी केलेला गेम. पुण्यातल्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा मोबाइलवरचा गेम २०२४ मध्ये काढला. तुमचं मूल वालचंदला किंवा कराडच्या इंजिनिअरिंगला जायचं म्हणत असेल, तर यंत्राचे ५५ हजार संगणकात घाला आणि खेळही त्याच्यावरच होऊ द्या.

आणि पुढची पिढी जाहीर झाली, टीव्हीवर झगमगाट सुरू झाला, की पहिलं वर्ष जाऊ द्या. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ ची नोंदणी काही मिनिटांत संपत होती, आणि तेच यंत्र बाहेर छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकलं जात होतं. पहिल्या वर्षी त्याच्यासाठीचे खास गेमही थोडेच असतात, बहुतेक जुन्या यंत्रावरही चालतात. पुढच्या एक्सबॉक्सवर आत्ताचे गेम चालतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं आहे. त्या वेळी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. डिस्कची खाच आतच आहे की वेगळी घ्यायची? घरात पडलेले जुने गेम त्यावर चालतात का? वर्गणी न भरता किती खेळता येतं? तिन्हींची उत्तरं नीट कळल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ भरू नका.